दोन वॉशर टाका अन् रडर विसरा म्हणे!

तो मेसेज मला महिनाभरात सात-आठ जणांनी तरी पाठवला असेल, त्यातले दोघं तर आमच्याच शेडमध्ये रोज चहा पितात. मेसेज असा: घरी बांधलेलं विमान टेकऑफला डावीकडे ओढत असेल तर इंजिन माउंटच्या (इंजिन धरून ठेवणाऱ्या सांगाड्याच्या) डाव्या बोल्टांमागे दोन-दोन वॉशर टाका, इंजिनाचं तोंड उजवीकडे वळलं की टॉर्क कॅन्सल, मग रडर (शेपटीवरची नाक डावी-उजवीकडे वळवणारी, पायानं चालवायची फळी) द्यायची गरजच नाही, आणि इंजिन कुठलंही असो, तीन डिग्री उजवीकडे अन् तीन डिग्री खाली हा फॉर्म्युला फिक्स. सोबत रिमोटवाल्या मॉडेल विमानाचा व्हिडिओ. व्हिडिओ झकास आहे, पण त्या विमानात कोणी बसलेलं नाही ना भाऊ.

आधी ते "टॉर्क कॅन्सल" बघू. टॉर्क विमानाला लोळवतो, म्हणजे प्रॉप (इंजिनाचा पंखा) एकीकडे फिरला की बॉडी उलटीकडे कलायला बघते, डावा पंख खाली. इंजिन एक-दोन डिग्री वळवून हे कॅन्सल होत नाही, ते एलरॉनचं (पंखाच्या टोकाकडच्या हलत्या फळ्यांचं) नाहीतर पंखाच्या सेटिंगचं काम. इंजिन वळवतात ते नाक डावीकडे जातं म्हणून, आणि त्याची कारणं वेगळी आहेत. एक तर प्रॉपमागची हवा पिळे घेत मागं जाते आणि शेपटीच्या उभ्या पंखाला डावीकडून धडकते. दुसरं, चढताना नाक वर असतं तेव्हा खाली येणारं उजवं पातं हवेचा मोठा घास घेतं, मग उजवीकडून जास्त ओढ आणि नाक परत डावीकडे. टेलव्हील (शेपटीखाली छोटं चाक) असेल तर शेपटी उचलताना प्रॉप भोवऱ्यासारखा वागतो अन् अजून एक हिसका डावीकडेच देतो. जोडीतला एक बैल नेटाचा असला की गाडी कशी तिरकी चालते, तसं.

"कुठलंही इंजिन" हे वाचून तर मी कपाळावर हात मारला. वर जे डावं-उजवं लिहिलंय ते पायलटच्या सीटवरून बघितलं तर घड्याळाच्या काट्यासारख्या फिरणाऱ्या प्रॉपचं, म्हणजे लायकॉमिंग, कॉन्टिनेंटल, रोटॅक्स ९१२ वगैरे इंजिनांचं. पण फोक्सवॅगन कारचं इंजिन घेऊन पुलीच्या टोकाला प्रॉप बसवला तर तो उलटा फिरतो, विमान उजवीकडे ओढतं. टायगर मॉथ या जुन्या विमानाचं जिप्सी इंजिनही उलटंच. स्पिटफायर या लढाऊ विमानात मर्लिन इंजिन जाऊन ग्रिफन आलं तेव्हा सवयीचा पाय देणाऱ्या पायलटांची पंचाईत व्हायची, कारण ग्रिफन उलटं फिरतं. फोक्सवॅगनवाल्यानं हा मेसेज वाचून डावीकडे वॉशर टाकले तर ओढ कमी व्हायच्या ऐवजी वाढणार.

तीन डिग्री कुठून आलं ते व्हिडिओतच दिसतं. मॉडेलमध्ये वजनाच्या मानानं पॉवर प्रचंड, प्रॉप मोठा, वेग कमी, म्हणून तिथं जास्त ऑफसेट (मुद्दाम दिलेला तिरकेपणा) लागतो. खालच्या तीन डिग्रीचं पण तेच, प्रॉपची ओढ विमानाच्या तोलबिंदूच्या वरून जाते की खालून यावर ते ठरतं, आणि प्रॉप उंचावर असेल तर पॉवर दिल्यावर नाक आधीच खाली जातं, त्याला अजून खाली कशाला दाबायचं? हा आकडा डिझाइन करणाऱ्यानं काढलेला असतो, ड्रॉइंगवर लिहिलेला असतो, आणि कोणी इंजिन सरळ ठेवून शेपटीचा उभा पंखच थोडा तिरका बसवतो. दोन्हीकडून ऑफसेट दिला तर डबल डोस.

आता वॉशरचा हिशोब. दोन बोल्टांमध्ये आडवं अंतर ३०० मिमी, वॉशर दीड मिमीचा, दोन टाकले म्हणजे ३ मिमी. कोन येतो साधारण ०.५७ डिग्री. तीन डिग्री हवे असतील तर जवळपास १६ मिमीची थप्पी लागेल! आणि तो बोल्ट इंजिनाचं अख्खं वजन अन् हादरे घेणारा, त्याची लांबी मोजून ठरवलेली, नट पूर्ण आटे पकडणार नाही, माउंटचा पाय तिरका टेकणार. रबर बसून इंजिन खाली झुकलं तर काही इंजिनांना ठरावीक वॉशर देतात, पण ते किटवाल्याच्या किंवा इंजिनवाल्याच्या सूचनेनं.

आम्ही मोजलं ते सांगतो. मॅग्नेटो (प्लगला ठिणगी देणारा) ऑफ, वरचे प्लग काढलेले, विमान लेव्हलमध्ये. जमिनीवर मध्यरेषेचं सूत धरलं, गुण्या लावून तिला काटकोनात खडूची रेघ मारली. प्रॉप आडवा करून उजव्या टोकाला ओळंबा सोडला, खूण केली, मग अर्धा फेरा देऊन तेच टोक डावीकडे आणलं, परत ओळंबा. टोक तेच ठेवायचं, नाहीतर पात्याचा वाकडेपणा हिशोबात घुसतो. आमचा प्रॉप १७०० मिमीचा, उजवी खूण डावीपेक्षा ४१ मिमी मागं आली, म्हणजे १.४ डिग्रीच्या आसपास. ड्रॉइंगला १.५ होतं. वॉशर डब्यातच राहिले.

"रडर विसरा" हे सगळ्यात वाईट. ऑफसेट एकाच पॉवरला अन् एकाच वेगाला बरोबर बसतो, बहुतेक क्रूझला, म्हणजे एका उंचीवर सरळ उडताना. चढताना उजवा पाय लागणारच, आणि इंजिन बंद करून ग्लाइडला आलात की प्रॉपची ओढच नाही तर ऑफसेट कशाला कापणार? शेपटी तिरकी असेल तर ग्लाइडमध्ये उलटा पाय लागतो.

क्रूझलाही बॉल (विमान आडवं घसरतंय का ते दाखवणारी पॅनलवरच्या नळीतली गोळी) मधे राहत नसेल तर आधी जमिनीवर विमान आडवं लेव्हल करून बघा, बॉल मधे आहे का? पॅनलमध्ये बॉलच वाकडा बसवलेला असतो कधीकधी, हसू नका, आमचाच होता. मग पंखांचे कोन, चाकांचे कव्हर, आणि शेवटी रडरला छोटी ट्रिम टॅब (रडर किंचित वळलेलं ठेवणारी पट्टी).

दुसऱ्या टोकाचेही लोक आहेत बरं का. आमच्याकडचा वेल्डर, हात सोन्याचा, माउंट बघून म्हणाला, "भो, हाई इंजिन वाकडं बसेल शे," आणि सरळ करून द्यायला निघाला होता. त्याला सांगावं लागलं की इंजिनाचा मागचा भाग मुद्दाम डावीकडे सरकवलाय, म्हणजे इंजिन तिरकं असूनही स्पिनर (प्रॉपच्या मध्यावरची टोपी) मध्यरेषेवर येतो. तिरकेपणानं पॉवर वाया जाते ही भीतीही फुकटची, दोन डिग्रीला पुढची ओढ ०.०६ टक्के कमी होते.

अमोल यादवांनी कांदिवलीत गच्चीवर बांधलेलं विमान २०२० मध्ये आपल्या धुळ्यातूनच उडालं, तेव्हापासून इकडं पोरांना हा नाद जास्त लागलाय, चांगलंच आहे. पण मेसेज वाचून वॉशर टाकणारा एक गडी आमच्या ओळखीत निघालाच. अर्ध्या डिग्रीनं त्याचा स्पिनर सहा मिमी, म्हणजे दोन सूत, उजवीकडे गेला, आणि काउल (इंजिनावरचं फायबरचं झाकण) आधीच कापलेला होता. आता एका बाजूला बोट जातं, दुसऱ्या बाजूला फायबर घासतंय.