दाविद कोस्तेलेत्स्कीला नशीबवान म्हणणाऱ्यांसाठी

ऑलिंपिक झालं की नेमबाजीवर एक मेसेज फिरायला लागतो, पॅरिसनंतर तर माझ्याकडे तीन वेगवेगळ्या ग्रुपवरून आला. त्यात चेक ट्रॅप शूटर (ट्रॅप म्हणजे हवेत उडणारी तबकडी बंदुकीने फोडायची) दाविद कोस्तेलेत्स्कीचं उदाहरण दिलेलं असतं. म्हणणं थोडक्यात असं की, या माणसाला २००८ मधे बीजिंगला नशिबाने गोल्ड मिळालं, मग १३ वर्षं गायब झाला, मग ४६ व्या वर्षी टोकियोत परत मेडल घेऊन गेला, म्हणजे हा काही खेळच नाही, उभं राहून बार काढायचे, लागला तर लागला. शिवाय चेक लोकांकडे घरोघर बंदुका, त्यामुळे त्यांना सोपंच. आणि शेवटी, टोकियोत ऐन वेळी घाबरला म्हणून गोल्ड हुकलं.

मला हे वाचून खरंच वाईट वाटतं, कारण यातलं जवळपास प्रत्येक वाक्य चुकीचं आहे आणि माणूस मात्र खरा आहे. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पहिला मुद्दा, बीजिंगचं नशीब. त्या वेळची पद्धत अशी होती की आधी १२५ तबकड्यांची क्वालिफिकेशन, त्यातले पहिले सहा फायनलला, फायनलमधे अजून २५, आणि दोन्हीची बेरीज. क्वालिफिकेशनमधे एका तबकडीवर दोन बार मारता येतात, पहिला चुकला तर दुसरा हातात असतो. फायनलमधे एकच. कोस्तेलेत्स्कीने फायनलच्या २५ पैकी २५ फोडल्या. एकही सोडली नाही. एकूण १४६, त्या पद्धतीतला ऑलिंपिक रेकॉर्ड. दुसरा आला इटलीचा जोवान्नी पेलिएलो १४३ वर आणि तिसरा रशियाचा आलेक्सेई आलिपोव्ह १४२ वर. हे दोघं कोण? आलिपोव्ह म्हणजे आधीच्या, अथेन्सच्या ऑलिंपिकचा गोल्ड मेडलिस्ट आणि पेलिएलो तिथलाच सिल्व्हरवाला. म्हणजे आधीचे पहिले दोन मागे टाकून, तीन तबकड्यांच्या फरकाने, एकही न चुकवता जिंकला. याला नशीब म्हणायचं असेल तर मग मेहनत कशाला म्हणणार?

आणि नशिबाचा विषय निघालाच आहे तर हेही सांगतो, कारण बऱ्याच लोकांना वाटतं की एखाद्याला सोप्या तबकड्या येतात आणि एखाद्याला अवघड. ट्रॅपमधे समोरच्या बंकरमधे १५ मशीन असतात, तीन-तीनचे पाच गट, शूटर १५ मीटर मागे उभा. शूटरने आवाज दिला की मायक्रोफोनवरून मशीन सुटतं, कुठलं सुटणार ते त्याला माहीत नसतं. पण २५ च्या राउंडमधे प्रत्येकाला १० डावीकडच्या, १० उजवीकडच्या आणि ५ सरळ अशाच तबकड्या येतात, क्रम फक्त वेगळा. वारा आला तर सगळ्यांनाच आला. नशिबाला जागा राहू नये म्हणूनच हे सगळं इतकं मोजून बांधलेलं आहे.

दुसरा, १३ वर्षं गायब. सिडनी २०००, अथेन्स २००४, बीजिंग २००८, लंडन २०१२, रिओ २०१६, टोकियो. सलग सहा ऑलिंपिक! रिओमधे तर ४१ व्या वर्षी चौथा आला, ब्राँझच्या मॅचमधे ब्रिटनच्या एड लिंगकडून हरला. आपल्याकडे चौथा नंबर म्हणजे काही नाहीच असं धरतात, म्हणून तो मेसेजवाल्यांना दिसत नाही बहुतेक. पण मला यातली सगळ्यात मोठी गोष्ट वेगळीच वाटते. बीजिंगला क्वालिफिकेशनचे मार्क पुढे धरले जायचे. रिओला सगळं शून्यापासून, आधी सहा जणांची १५ तबकड्यांची सेमीफायनल आणि मग मेडलसाठी दोघादोघांची मॅच. टोकियोला परत बदल, ५० तबकड्या आणि मधेमधे शेवटचा माणूस बाहेर. तीन ऑलिंपिक, तीन वेगळे नियम, आणि हा माणूस तिन्हीत शेवटच्या सहात. नियम बदलले की भले भले मागे पडतात, याने दर वेळी खेळ नव्याने बसवला.

तिसरा, 'हा खेळच नाही'. तबकडी साधारण ११ सेंटिमीटरची, नावाला क्ले म्हणजे माती पण बनते डांबरासारख्या पिचची आणि चुनखडीच्या भुकटीची. ती ताशी १०० किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने लांब पळत सुटते. शूटरला ती दिसायची, दिशा कळायची, साडेतीन-चार किलोची बंदूक कमरेपासून वळवायची आणि तबकडीच्या थोडं पुढे बार जायला हवा, हे सगळं एका सेकंदाच्या आत. काडतुसात जास्तीत जास्त २४ ग्रॅम छरे. दोन दिवसांत १२५ तबकड्या, प्रत्येक बाराला खांद्याला धक्का, आणि टोकियोत तर जुलैच्या उकाड्यात दुसऱ्या दिवशीच वर फायनल. करून बघा म्हणत नाही, नुसतं खांद्यावर तेवढं वजन धरून २५ वेळा वळून बघा.

वयाचं म्हणाल तर त्याला कारण आहे. रायफल-पिस्तूलवाल्याला बंदुकीवरची साइट, म्हणजे नेम धरायची खूण, स्पष्ट दिसावी लागते, त्यामुळे चाळिशी लागली की त्रास सुरू होतो. ट्रॅपमधे नजर लांब तबकडीवर असते, म्हणून डोळे जास्त वर्षं साथ देतात. पण हाताची चपळाई काही कोणी वयाप्रमाणे माफ करत नाही. टोकियोत ब्राँझ घेणारा मॅथ्यू कावर्ड-होली २६ वर्षांचा होता, तो या ४६ वर्षांच्या माणसाच्या मागे राहिला.

बंदुका घरोघर वगैरेवर फार लिहीत नाही. आपल्याकडे घरोघर बॅट आहे, म्हणून घरोघर सचिन निघाला का? चेकांकडे जे आहे ते म्हणजे परंपरा. चेकोस्लोव्हाकिया असताना योसेफ पानाचेकने १९७६ ला माँट्रियलमधे स्कीटचं (तबकड्यांच्याच नेमबाजीचा दुसरा प्रकार) गोल्ड घेतलं, पेत्र ह्रदलिच्काने १९९२ ला बार्सिलोनात ट्रॅपचं, दोघांनीही बरोबरी झाल्यावर जादा तबकड्यांवर जिंकून. सिडनीत पेत्र मालेकला स्कीटचं सिल्व्हर, तेही युक्रेनच्या मिल्चेव्हने १५० पैकी १५० मारले म्हणून. मुंबईपेक्षाही कमी लोकसंख्येचा देश आहे हो. आपल्याला क्ले टार्गेट म्हटलं की राज्यवर्धन राठोडचं अथेन्सचं डबल ट्रॅपचं (एका वेळी दोन तबकड्या) सिल्व्हर आठवतं आणि यादी लवकर संपते, महाराष्ट्रात तर नेमबाजी म्हणजे कोल्हापूरची रायफल आणि पिस्तूल. आणि याच मेसेजच्या हिशोबाने उद्या स्वप्नील कुसाळेचं पॅरिसचं रायफलमधलं ब्राँझपण 'लागलं' म्हणाल, ते चालेल का?

राहिला शेवटचा, टोकियोत घाबरला हा. २९ जुलै २०२१ ची ती फायनल मी लाइव्ह पाहिली होती. शेवटी उरले दोघं आणि दोघंही चेक, कोस्तेलेत्स्की आणि त्याच्यापेक्षा सात वर्षांनी लहान यिर्झी लिप्ताक. ५० तबकड्या संपल्या तेव्हा दोघांचेही ४३. मग शूट-ऑफ, जो आधी चुकेल तो सिल्व्हर. पहिल्या सहा तबकड्या दोघांनीही फोडल्या. म्हणजे ५६ तबकड्यांपर्यंत दोघांत एकाचाही फरक नाही. सातवी कोस्तेलेत्स्कीची चुकली, लिप्ताकची फुटली.