गुडघा किती वाकवायचा? राजाला भेटायला जाणाऱ्यांसाठी फुकट सल्ला

समजा उद्या तुम्हाला बकिंगहॅम पॅलेसचं बोलावणं आलं. हसू नका, लोकांना येतं. दर उन्हाळ्यात तिथल्या हिरवळीवर गार्डन पार्ट्या होतात, हजारो माणसं नटूनथटून चहा-सँडविच खायला जातात, त्यात तिकडच्या दवाखान्यात आयुष्य घालवलेली आपली एखादी पैठणीवाली डॉक्टरीणबाई निघाली तर नवल नाही. तर बोलावणं आलं की नातेवाईक विचारणार साडी कुठली नेसणार, आणि फेसबुकवरचे विचारणार राजापुढे वाकणार का. दुसऱ्या प्रश्नाची तयारी आधी करा, साडी काय, ऐनवेळी बहिणीची पण चालते.

आधी नियम समजून घ्या. नियम असा की नियमच नाही. राजघराण्याकडूनच सांगितलं जातं की सक्ती अजिबात नाही, ज्यांना परंपरा पाळायचीये त्या पुरुषांनी नुसती मान लववावी, बायकांनी छोटीशी कर्ट्सी करावी, म्हणजे गुडघे जरा वाकवून अभिवादन, आणि ज्यांना हे नको त्यांनी नेहमीसारखा शेकहँड करावा. किती मोकळी माणसं! पण तुम्हाला गणपतीची ऐच्छिक वर्गणी माहितीये ना, पावतीपुस्तक घेऊन पाच पोरं दारात उभी राहतात, काका तुमच्या इच्छेनं द्या म्हणतात, आणि तुम्ही एक्कावन्न म्हटलं की पाचही जण एकदम गप्प होऊन तुमच्या तोंडाकडे बघत बसतात. कर्ट्सी तेवढीच ऐच्छिक आहे. पोरांच्या जागी फक्त लंडनचे पेपरवाले असतात.

आता कृती. उजवा पाय डाव्याच्या मागे, वजन पुढच्या पायावर, पाठ ताठ, गुडघे जरासे वाकवायचे, मान किंचित खाली आणि लगेच वर. निऱ्यांवर पाय पडू द्यायचा नाही. एवढंच. पण हे "जरासं" म्हणजे किती, इथे सगळी मेख आहे. २०११ मध्ये राणी एलिझाबेथ ऑस्ट्रेलियात उतरली तेव्हा तिथल्या पंतप्रधान ज्युलिया गिलार्ड यांनी मान लववून हात मिळवला, कर्ट्सी केली नाही, झालं, बाईंचा गुडघा ही राष्ट्रीय समस्या झाली. ब्रिटनचे टोनी ब्लेअर यांची बायको शेरी, तिचा गुडघा तर पेपरवाले नवरा पंतप्रधान असेपर्यंत मोजत बसले होते. बरं मग खूप वाकावं म्हणाल तर ब्रिटनच्या तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे बघा. २०१८ मध्ये फ्रान्समधल्या आमियां इथे प्रिन्स विल्यमपुढे त्या इतक्या खाली गेल्या की त्या फोटोचे मीम अजून फिरतात. म्हणजे कमी वाकलात तर उर्मट, जास्त वाकलात तर लाचार, आणि बरोब्बर वाकलात तर फोटोच छापून येत नाही.

अमेरिकन असाल तर आणखी पंचाईत. १९८१ मध्ये अमेरिकेच्या प्रोटोकॉल प्रमुख लिओनोर अ‍ॅनेनबर्ग यांनी विमानतळावर प्रिन्स चार्ल्सना, म्हणजे आताच्या राजाला, कर्ट्सी केली, आणि देशात बोंबाबोंब, की मग आपण १७७६ साली कशासाठी भांडलो. प्रोटोकॉल प्रमुख, बरं का. ज्या बाईंचं कामच कुणापुढे किती वाकायचं ते सांगणं, त्यांनाच मार्क कमी पडले.

पुरुष वाचकांनी काळजी करू नये. तुमचा आदर मानेत असतो, खांद्याच्या खाली उतरत नाही. बायकांचा का कोण जाणे गुडघ्यात साठवलेला असतो. हे असं का, असं पॅलेसमध्ये विचारू नका, परंपरा आहे म्हणतील आणि आणखी एक सँडविच देतील.

सराव हवाच असेल तर जुन्या इंग्रज घरांतल्या मुलींकडून शिका. १९५८ पर्यंत वयात आलेल्या श्रीमंत पोरींना दरबारात पेश करायचे, त्यासाठी कर्ट्सीचे रीतसर क्लास असायचे. आणि जुन्या राणी शार्लटच्या नावानं जो बॉल, म्हणजे नाचाचा समारंभ, भरायचा तिथे या मुली एका भल्यामोठ्या केकपुढे वाकायच्या. खरंच केकपुढे. मला विचाराल तर अख्ख्या प्रथेत हाच भाग पटण्यासारखा आहे, केक निदान नंतर कापून खाता येतो.

घरातलीच सून असाल तर सुटाल असं समजू नका. तिथे आजेसासू राणी असली तर तिच्यापुढे पण वाकायचं. प्रिन्स हॅरीच्या बायकोनं, मेगननं केलं, आणि २०२२ मध्ये नेटफ्लिक्सवर दोन्ही हात पसरून करून दाखवलं की पहिल्यांदा मी कशी वाकले. झालं, चेष्टा करते म्हणून तिला धुतली. म्हणजे वाकलात तरी पुरत नाही, वाकल्याचं नंतर वर्णन करताना पण सरळ तोंड ठेवावं लागतं.

गंमत म्हणजे वरच्या लोकांना याचं एवढं काही पडलेलं नसतं. विम्बल्डनच्या सेंटर कोर्टवर रॉयल बॉक्सकडे वळून वाकायची पद्धत होती, ती २००३ मध्ये राणीचे चुलतभाऊ आणि तिथल्या क्लबचे अध्यक्ष ड्यूक ऑफ केंट यांनीच बंद केली, राणी किंवा युवराज हजर असले तरच करा म्हणाले. थायलंडच्या चुलालोंगकोर्न राजानं तर १८७३ मध्येच लोटांगण रद्द केलं, माणसानं माणसापुढे जमिनीवर पडायचं नाही म्हणून. मग लोकांनी काय केलं? त्याच्या नावाच्या विद्यापीठात त्याचाच पुतळा बसवला आणि विद्यार्थी त्या पुतळ्यापुढे लोटांगण घालायला लागले. राजा सोडतो हो, रांगेतली माणसं सोडत नाहीत.

आणि तुम्ही मराठी असाल तर तुम्हाला यातला सगळ्यात मोठा धडा घरचाच आहे. १२ डिसेंबर १९११, दिल्ली दरबार, पंचम जॉर्ज आणि क्वीन मेरी सिंहासनावर, आणि एकेक संस्थानिक पुढे येऊन मुजरा करून पाठ न दाखवता मागे सरकतोय. निजामानंतर बडोद्याचे सयाजीराव गायकवाड. बडोदा म्हणजे एकवीस तोफांच्या सलामीचं संस्थान, बाकीचे हिऱ्यामोत्यांनी लगडलेले आणि हे साधे पांढरे कपडे, हातात काठी. आले, एकदा मान लववली आणि वळून चालू पडले. बस. खून नाही, बंड नाही, नुसती पाठ. आणि लंडनच्या पेपरांचा असा तोल गेला की विचारू नका, दरबाराची फिल्म काढलेली होती, ती तिथे थिएटरात लागली, म्हणजे पाठ पुन्हा पुन्हा बघायची सोय झाली. शेवटी महाराजांना व्हॉइसरॉयला पत्र लिहावं लागलं, की माझा गोंधळ उडाला, अपमानाचा हेतू नव्हता.

खरंच गोंधळ उडाला होता का मुद्दाम केलं, यावर आपल्याकडे अजून वाद होतात. पण ज्या माणसानं १९०६ मध्ये आपल्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं त्याला चार पावलं मागे चालणं जमलं नाही, हे मानायचं तर माना बापडे. आणि पंचम जॉर्जचं साम्राज्य एका माणसाच्या पाठीनं हललं असेल तर तो दोष पाठीचा नाही. तुम्ही मात्र हे उदाहरण पॅलेसमध्ये सांगू नका, घरी नातवंडांना सांगा, आणि तिथे गेल्यावर पाठ दाखवायची झालीच तर पत्राचा मसुदा आधीच पर्समध्ये ठेवा.

आता जे म्हणतात ही गुलामी, आमचा कणा ताठ, त्यांच्यासाठी पण सल्ला आहे. जरूर ताठ राहा. फक्त प्रोफाइलवरचा तो फोटो काढा, ज्यात वाढदिवसाच्या फ्लेक्सखाली तुम्ही आमदारसाहेबांच्या बुटांच्या लेसपर्यंत पोचलायत. साहेब वयानं तुमच्यापेक्षा लहान आहेत. तिथे विचारलं की संस्कार म्हणता, मग तिकडच्या बायकांच्या गुडघ्याला तरी संस्कार म्हणायची सवलत द्या.

हात जोडले तर चालेल का, असं बऱ्याच जणी विचारतील. चालेल की. २०२० च्या मार्चमध्ये कोविडच्या भीतीनं खुद्द चार्ल्सच लंडनमध्ये लोकांना हात जोडून नमस्कार करत फिरत होते, शेकहँडसाठी अर्धा पुढे गेलेला हात मागे घेऊन. नमस्काराला गुडघ्याचं काम नाही आणि दोन्ही बाजूंनी सारखाच करता येतो. पेपरवाल्यांना त्यात मजा नाही, हा एक तोटा.

आणि वाकल्यानं पुढे काही भलं होईल या आशेवर जाऊ नका. लिझ ट्रस बाई १९९४ मध्ये आपल्या तेव्हाच्या पक्षाच्या, लिबरल डेमोक्रॅट्सच्या, अधिवेशनात राजेशाही बंद करा म्हणून भाषण ठोकून आल्या होत्या. पुढे पक्ष बदलून ब्रिटनच्या पंतप्रधान झाल्या, २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये चार्ल्स राजाच्या भेटीला गेल्या, कॅमेऱ्यासमोर कर्ट्सी केली, युवर मॅजेस्टी म्हणाल्या. राजा म्हणाला, परत आलात? डिअर ओ डिअर. आठवडाभरानं बाईंनी राजीनामा जाहीर केला. कर्ट्सीत काही खोट नव्हती.