तिच्या तरी वड्या पडल्या का?

रविवारी दुपारी ओव्हनमधून फज काढला, म्हणजे ब्राउनीसारखा चॉकलेटचा दाट केक. वर चकचकीत, तडकलेली पापडी, आत ओलसर. म्हणजे हवा तस्साच. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे माझं कोणी ऐकणार नाहीये.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या काकू डबा परत करायला आल्या. ट्रेमध्ये डोकावून म्हणाल्या, "अरेरे, वड्या बिघडल्या का रे?"

"काकू, हा फज आहे. बेक केलेला."

"पाक किती तारी घेतलास?"

"यात पाक नसतो."

"पाकाशिवाय?" काकूंनी आमच्या हिच्याकडे बघितलं. लग्नाआधी नीट चौकशी केली नव्हती का, अशा अर्थाने.

खरं तर त्यांचं अगदीच चुकत नव्हतं. गॅसवरचा फज म्हणजे गोळीबंद पाकच. साधारण ११५ अंशांपर्यंत उकळायचा, निववायचा आणि हात दुखेस्तोवर घोटायचा. पण माझा फज त्यातला नव्हताच. डार्क चॉकलेट, लोणी, कंडेन्स्ड मिल्क, जेमतेम मैदा, १६० अंशांवर पस्तीस मिनिटं. हे सांगता सांगता मी इतका गडबडलो, की १८८८ साली अमेरिकेतल्या व्हासार कॉलेजच्या एका मुलीने लिलावासाठी ३० पौंड फज केला होता, इथपर्यंत जाऊन पोचलो.

काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं. "तिच्या तरी वड्या पडल्या का?"

मग त्यांनी वाटीत पाणी मागवलं. माझ्या फजचा एक गोळा उचलून त्यात सोडला. पाणी गढूळ झालं. काकूंनी तळाशी बोट फिरवलं, ते बोट उजेडात धरलं. "बघ. गोळी होत नाहीये." आमची ही मान डोलावत होती. ब्राउनी पाण्यात बुडवून कोण तपासतं हो?

अक्रोड मी भाजून हाताने मोडले होते. बेदाणे रात्रभर संत्र्याच्या रसात भिजवले होते. अक्रोडांचा भाव काय आहे ते एकदा बघा. पण पुरुषाने वर्षातून एकदा काही केलं की सगळी सोसायटी परीक्षक होते. काकूंची पुरणपोळी करपली तर ती खरपूस, आणि माझा फज ओलसर राहिला तर तो कच्चा!

"आण इकडे, सारखं करून देते," म्हणत त्यांनी ट्रे उचलला.

संध्याकाळी वड्या आल्या. मिल्क पावडर घालून कढईत आटवलेल्या, शंकरपाळ्यासारख्या कापलेल्या, वर चारोळी. दहा मिनिटांत ताटली साफ. "काकूंच्या हाताला चवच आहे," ही म्हणाली. मीही दोन खाल्ल्या. दाताखाली आलेला अक्रोड माझा होता, मी ओळखला.

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर काकूंची रेसिपी आली: 'बिघडलेल्या केकच्या वड्या'. अठ्ठावीस अंगठे. त्यातला एक आमच्या हिचा.

ट्रे अजून वरच आहे.