अक्कलदाढ आणि डोळ्यांची नस : माझ्या उत्तरासह खुलासा

'अक्कलदाढ काढली की डोळ्यांची नस दुखावते, नजर जाते' हा मेसेज पुन्हा फिरतोय. त्यावर मी, दंतवैद्य असूनही, घाईत 'काहीही धोका नसतो' असं लिहून मोकळा झालो. तेही चुकलंच.

नजरेची नस वेगळी, दातांची वेगळी. दाढ काढल्याने दृष्टी जात नाही. (चाळिशीत कुणी दाढ काढली आणि चष्माही तेव्हाच लागला, की दोष दाढेवर येतो.)

खरा प्रश्न खालच्या अक्कलदाढेचा. तिच्या मुळांखालून, जबड्याच्या हाडातून एक नस जाते. जिभेकडच्या बाजूने दुसरी. त्या दुखावल्या तर खालचा ओठ, हनुवटी किंवा जीभ बधिर राहते, मुंग्या येतात, कधी चवही कमी होते. या नसा संवेदनेच्या, त्यामुळे ओठ वाकडा होत नाही. बहुतेकांना काही आठवड्यांत-महिन्यांत बरं वाटतं. कायमची बधिरता शंभरात एकापेक्षाही कमी जणांना.

एक्स-रेत मूळ नसेला टेकलेलं दिसलं तर आम्ही सीबीसीटी स्कॅन (जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे) सांगतो. कधी मुळं तशीच ठेवून वरचा भागच काढतो. दुसऱ्या दिवशीही ओठ बधिर असेल तर लगेच डॉक्टरांना कळवा.

तो मेसेज आणि माझं जुनं उत्तर, दोन्ही कृपया पुढे पाठवू नका.