हुशार आहे म्हणे

नवऱ्याच्या नोकरीमुळे इस्तंबूलला येऊन वर्ष होत आलं. खालच्या मजल्यावरच्या तेयझेंना (तेयझे म्हणजे मावशी, पण इथे कुठल्याही वयस्कर बाईला बिनधास्त म्हणतात) रोज जिन्यात नुसतं हसून दाखवायचा कंटाळा आला म्हणून मी तुर्की क्लास लावला.

सुरुवात झकास. तो, ती, ते सगळ्यांना मिळून एकच 'ओ'. मग आला माणसाचं वर्णन करून मत देण्याचा धडा. म्हटलं, हा तर आपला हातखंडा! पण चष्मेवाल्याला शेवटी 'ल्यू' लावायचं, उंच माणसाला 'लू', गोड माणसाला 'ली', आणि दाढीवाल्याला 'लं'सारखं काहीतरी जे घशातच राहतं. आधीचा स्वर बघून शेपूट बदलतं. आपलं 'वाला' कसं, दाढी असो नाहीतर भाजी, मुकाट चिकटतं.

त्यात ओळखीचे शब्द घात करतात. 'बेनजे' म्हणजे माझ्या मते, एवढं पाठ करून मी वर्गात ठणकावून सांगितलं, "बेनजे कोजाम चोक जिद्दी." माझा नवरा भयंकर हट्टी आहे. बाई कौतुकाने मान डोलवायला लागल्या. तुर्कीत जिद्दी म्हणजे गंभीर, जबाबदार माणूस! जो माणूस तीनदा चुकीच्या बोटीत बसला पण कुणाला रस्ता विचारला नाही, त्याला मी फुकटात सर्टिफिकेट दिलं.

एक गोष्ट मात्र मला लगेच कळली, वर्गातला जर्मन मुलगा अजून डोकं खाजवतोय. स्वतः न बघितलेली, ऐकीव गोष्ट सांगायची तर शेवटी 'मिश' किंवा 'मश' लावायचं. म्हणजे आपलं 'म्हणे' हो! 'सून सुंदर आहे' आणि 'सून सुंदर आहे म्हणे' यात केवढं अंतर आहे ते त्याला कोण सांगणार.

परवा तेयझे जिन्यात मैत्रिणीला माझ्याबद्दल सांगत होत्या, मी वरून कान लावला. "झायफ अमा अकल्लयमश." झायफ? जईफ? मी 38 वर्षांची! धावत जाऊन मोबाईलवर बघितलं तर झायफ म्हणजे बारीक. मला बारीक म्हणणारी ही पृथ्वीतलावरची पहिली बाई, हिला उद्या थालीपीठ द्यायचंच. अमा म्हणजे पण. अकल्ल म्हणजे हुशार, आपली अक्कलच ती. वा!

मग शेवटच्या 'मश'कडे लक्ष गेलं.

थालीपीठ आम्हीच खाल्लं.