डार्सीला सोलापुरी चादर पांघरण्याची सोपी पद्धत

कुमारवयीन वाचकांसाठी कादंबरी लिहावी असे आपल्या मनात आहे आणि जुन्या अभिजात प्रेमकथा आजच्या बहुरंगी वस्त्यांमध्ये नेऊन बसवण्याला परदेशात बरी मागणी आहे, हेही आपल्या कानावर आलेले आहे. तेव्हा आपण सोलापूरकर आहात, ही गोष्ट एकदाची उपयोगी पडणार. मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू एकाच रिक्षात ऐकू येईल असे गाव इतरांना हुडकावे लागते; आपल्याला ते घरबसल्या मिळालेले आहे.

कथानक जेन ऑस्टिनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मधून उचलावे. ते १८१३ सालचे असल्यामुळे विचारायला कोणी येणार नाही. बेनेटांच्या पाच मुली पूर्व भागातल्या एखाद्या पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकरांच्या, घरात आणाव्यात, श्रीमंत नायक डार्सीला होटगी रस्त्यावर बंगला द्यावा आणि दर प्रकरणात कोणीतरी कडक भाकरीवर शेंगाचटणी घ्यावी, म्हणजे वैविध्याचे काम झाले. यंत्रमागाची खटखट पार्श्वभूमीला असू द्यावी. मागावर कोण बसले आहे आणि त्याला आठवड्याला काय मिळते, हे मात्र विचारू नये, कारण त्याने लय बिघडते.

आता एका अडचणीविषयी. मूळ कादंबरीत मुलींच्या लग्नाची एवढी घाई असते, कारण वडिलांची मिळकत केवळ पुरुष वारसाकडे, म्हणजे कॉलिन्स नावाच्या नातलगाकडे जाणार असते. गर्व, गैरसमज, नाचाचे समारंभ आणि आईचा त्रागा हे सारे त्या एका कायदेशीर खिळ्याला टांगलेले आहे. इबी झोबोई यांनी २०१८ साली ‘प्राइड’मध्ये हीच कथा ब्रुकलिनच्या बुशविक वस्तीत, हैती आणि डॉमिनिकन मुळाच्या कुटुंबात नेली, तेव्हा त्यांनी जुना खिळा उपटून तिथे नवा ठोकला: पैसेवाले लोक वस्तीत येऊन राहू लागले की जुन्या रहिवाशांच्या पायाखालची जमीन कशी सरकते, हा. एवढी मेहनत आपण करू नये. खिळा काढावा आणि चित्र भिंतीवर आपोआप टिकेल, अशी श्रद्धा ठेवावी.

मी स्वतः तेच केले होते. हस्तलिखित वाचून माझ्या भाचीने विचारले, “मामा, घर त्या चुलत्याला का चाललंय? मुलींना वाटा नाही का?” २००५ च्या दुरुस्तीने हिंदू कुटुंबातल्या मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क दिला आहे, हे तिला शाळेत शिकवलेले असावे. मी रीतिरिवाजाचे काहीतरी पुटपुटलो. त्यावर ती अगदी सहज म्हणाली, “म्हणजे आईनं तुम्हाला हक्कसोड लिहून दिली, तसं का?” तो संवाद मी कादंबरीत घेतला नाही. आपणही घेऊ नये.

नायक-नायिकेची पहिली भेट गड्ड्यात, म्हणजे ग्रामदैवत सिद्धेश्वरांच्या संक्रांतीच्या जत्रेत, घालावी. भोगीच्या दिवशी सिद्धेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचा विवाह लागतो, सम्मती कट्ट्यापाशी नंदीध्वज उभे राहतात आणि पांढऱ्या बाराबंदीतल्या गर्दीतून अक्षता उडतात; यापेक्षा सुंदर पार्श्वभूमी कुठे मिळणार? अक्षता टाकून घरी परतलेली तीच मंडळी मुलीसाठी आलेल्या बायोडाट्यात आधी कोणता रकाना पाहतात, तेवढे वर्णन गाळावे. याच गावचे डॉ. कोटणीस चीनमध्ये गेले आणि १९४१ साली तिथल्या सहकारी परिचारिकेशी विवाहबद्ध झाले, हा दाखलाही टाळावा. वाचकांना तो अतिरंजित वाटेल.

नायिकेचे वय सतरा ठेवणे सर्वांत सोयीचे. प्रेम करता येते आणि लग्नाचा प्रश्न शेवटच्या पानापर्यंत पोहोचत नाही. एकविशीच्या पुढची जोडी घेतलीत आणि दोघांचे धर्म निराळे निघाले, तर १९५४ चा विशेष विवाह कायदा आडवा येईल. मग तीस दिवसांची नोटीस कार्यालयाच्या फळ्यावर लागेल आणि तो फळा नेमका नायिकेच्या काकांच्या ओळखीचा कारकून वाचेल. असल्या फळ्याला मुखपृष्ठावर शोभा नसते.

शेवट हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये करावा. सकाळची वेळ, खिडकीची जागा, दोघांच्या मध्ये चटणीचा डबा आणि पुढे पुणे. मात्र कुर्डुवाडी येण्याच्या आत कादंबरी संपवावी, कारण तोवर समोरच्या आसनावरचे काका वर्तमानपत्राची घडी घालून, अत्यंत प्रेमाने, “आडनाव काय म्हणालात?” असे विचारतात.