मॉर्फिन सुरू केलं म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले?

'कॅन्सरच्या पेशंटला मॉर्फिन दिलं म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले. व्यसन लागतं, श्वास बंद पडतो, कायद्यानेही बंदी आहे. साध्या पेनकिलरवर भागवा.' व्हॉट्सअ‍ॅपवर असा मजकूर फिरतो आणि घरचे मॉर्फिनच्या, म्हणजे अफूपासून बनणाऱ्या तीव्र पेनकिलरच्या, गोळ्या कपाटात ठेवून देतात.

हात टेकण्याचं आधी. मॉर्फिनचा डोस दुखणं किती आहे त्यावर ठरतो, आयुष्य किती उरलंय त्यावर नाही. कॅन्सर हाडात पसरलेल्या माणसाला रेडिएशन चालू असतानाही ते देतात. दुखणं ओसरलं की डोस उतरवतात, बंदही करतात.

व्यसनाच्या बाबतीत मजकूर दोन गोष्टींची गल्लत करतो. काही आठवडे औषध घेतलं की शरीराला सवय होते. एकदम थांबवलं तर घाम, जुलाब, तगमग. म्हणून ते हळूहळू कमी करतात. व्यसन म्हणजे नुकसान दिसत असूनही न आवरणारी ओढ. ती कुणालाच लागत नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. अमेरिकेत १९९६ मध्ये ऑक्सिकॉन्टिन हे मॉर्फिनच्याच जातीचं औषध बाजारात आलं, व्यसनाचा धोका कमी असल्याचं डॉक्टरांना पटवलं गेलं. पुढे २००७ आणि २०२० मध्ये ते बनवणाऱ्या पर्ड्यू कंपनीने न्यायालयात गुन्हे कबूल केले. जुनाट कंबरदुखीला ही औषधं सर्रास देऊ नयेत, ते यासाठीच.

श्वासाचा धोका खरा आहे. डोस एकदम वाढवला, सोबत दारू किंवा झोपेच्या गोळ्या घेतल्या, किंवा किडनी निकामी होत असली, तर श्वास मंदावतो. हाक मारूनही माणूस जागा होत नसेल, तर लगेच हॉस्पिटल गाठा. नॅलोक्सोन हे औषध त्यावर उतारा आहे. थोड्यापासून सुरू करून बेताबेताने वाढवलेल्या डोसात हे क्वचित घडतं.

बंदी? १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्यातही वैद्यकीय वापराला मुभा होतीच. परवान्यांच्या जंजाळाने हॉस्पिटलं कंटाळली होती. २०१४ च्या दुरुस्तीने मान्यताप्राप्त संस्थांची वाट सोपी केली. (शेजारच्या मध्य प्रदेशात अफूची परवानाधारक शेती होते, नीमचला अफूचा सरकारी कारखाना आहे, आणि आपल्याकडचा पेशंट मात्र गोळीसाठी जिल्ह्याचं ठिकाण गाठतो!)

साध्या पेनकिलरचं म्हणाल, तर डायक्लोफिनॅक वाढवत नेलं की आराम तेवढाच राहतो. पोटात रक्तस्राव आणि किडनीला इजा व्हायचा धोका वाढतो.

रोजचा त्रास असतो बद्धकोष्ठाचा, आणि त्याबद्दल मजकुरात अवाक्षर नाही. मळमळ, गुंगी बहुधा काही दिवसांत जाते; बद्धकोष्ठ औषध चालू असेपर्यंत राहतं. त्यापायीच काहीजण गोळी सोडतात. मॉर्फिनच्या पहिल्या दिवसापासून चिठ्ठीवर पोट साफ होण्याचं औषध असायला हवं. नसेल तर डॉक्टरांना विचारा.